क्लासची रील काढताय? या चुका टाळा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की सांगलीत एकाच साच्याच्या रील्स फिरू लागतात. गरगर फिरणारा लोगो, मग 'रोबोटिक्स, कोडिंग, एआय', मग उडणारं रॉकेट, शेवटी फोन नंबर. मूल एकदाही दिसत नाही. क्लास किती वाजता सुटतो आणि फी किती, हे पालकांचे पहिले दोन प्रश्न; त्यांचाही पत्ता नसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सरांनी बनवलेलं मॉडेल मुलाच्या हातात देऊन शूटिंग करणं. विश्रामबागेतल्या एका क्लासनं काळ्या पट्टीवरून धावणारी गाडी अशीच दाखवली. रात्री ट्यूबलाइटखाली ती सुरेख धावली. सहावीतल्या मुलानं फक्त स्विच दाबला होता. रील बघून रविवारी दुपारी चारला पालक डेमोला आले. पश्चिमेच्या खिडकीतून पट्टीवर ऊन आलं होतं. उन्हातल्या इन्फ्रारेड किरणांमुळे पट्टी ओळखणारा सेन्सर गोंधळला आणि पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर गेली. तेवढं पालकांनी चालवून घेतलं असतं. पण एका आईनं मुलाला विचारलं, "असं का झालं रे?" आणि तो सरांकडे बघत राहिला. काळा कार्डशीट सेन्सरभोवती लावून ऊन अडवता आलं असतं, पण ते मुलाला सुचायला गाडी त्यानं जोडलेली हवी होती.

म्हणून साधं मॉडेल घ्या, पण मुलानं स्वतः जोडलेलं. सांगलीकरांना लगेच कळेल असं एक म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी. 40 फूट इशारा आणि 45 फूट धोका, हे आकडे 2019 च्या महापुरानंतर इथल्या घराघरात पाठ आहेत. उंच, रुंद पिंप घ्या, एका फुटाला एक सेंटिमीटर धरा आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) तळापासून 60 सेंटिमीटरवर आडव्या पट्टीला बांधा. पाणी सेन्सरपासून 20 सेंटिमीटरवर आलं की पिवळा दिवा, 15 वर आलं की लाल दिवा आणि बझर. अर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), ब्रेडबोर्ड (सोल्डरिंगशिवाय वायरी खोचायची पट्टी) आणि प्रत्येक दिव्याला 220 ओहमचा रेझिस्टर एवढ्यात काम होतं. 60 उणे 40 म्हणजे 20, 60 उणे 45 म्हणजे 15, ही वजाबाकी मुलानं कॅमेऱ्यासमोर मराठीत बोलून करायची. पाठ करून घेतलेलं इंग्रजी वाक्य नको. घोकंपट्टी पालकांना लगेच ओळखू येते.

बझर पहिल्यांदा वाजला नाही तर तो भाग कापू नका. बहुतेकदा सेन्सरच्या ट्रिगर (लहर सोडणारी) आणि इको (परतलेली लहर कळवणारी) या वायरींची अदलाबदल झालेली असते. मुलानं ती शोधून काढणं हाच रीलमधला सर्वांत मोलाचा भाग.

लांबी 30 ते 40 सेकंद पुरते. सुरुवात बझरच्या आवाजानं करा, लोगोनं नको. शेवटचे पाच-सहा सेकंद पत्ता, वार, सुटण्याची वेळ आणि फी. 'फीसाठी मेसेज करा' लिहिलंत की अर्धे पालक तिथेच पुढे सरकतात.

चित्रात आडव्या पट्ट्या सरकत असतील तर दोष ट्यूबलाइटचा. आपली वीज 50 हर्ट्झची आहे. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा. पंखा बंद करा, कॉलर माइक हनुवटीखाली एका वितीवर लावा. फोन उभा धरा. अक्षरं मधल्या भागात ठेवा, कारण खाली खात्याचं नाव येतं आणि उजवीकडे बटणं.

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मूळ फाइल एचडीत टाका. डाउनलोड करून पुन्हा पुन्हा टाकलेली फाइल धूसर दिसते.

दोन रील टाकून तिसऱ्या दिवशी पैसे भरून अख्ख्या महाराष्ट्रात बूस्ट करण्याची घाई तर अजिबात नको. तासगावहून रोज संध्याकाळी मुलाला कोण आणून सोडणार? क्लासपासून पाच-सहा किलोमीटरचाच परिसर निवडा, तोही आधीच्या मुलांच्या पालकांनी रील स्वतःहून पुढे पाठवायला सुरुवात केल्यावर.

आणि संमती. 'ग्रुपवर कुणी हरकत घेतली नाही' म्हणजे संमती नव्हे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती मूलच आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. प्रवेश अर्जातच वेगळी ओळ आणि वेगळी सही ठेवा, कुठे-कुठे टाकणार तेही लिहा. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला आणि वहीवरचं नाव चौकटीबाहेर ठेवा. पालक नको म्हणाले तर फक्त हात आणि ब्रेडबोर्ड दाखवा. वायर बसवणारे हात पुरेसे बोलतात.