स्कूलबसचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतोय? खोलायच्या आधी हे बघा

आपल्याकडे घाटात स्कूलबसचा क्लच घासला की जळका वास लगेच नाकात जातो. अमेरिकेतल्या पिवळ्या स्कूलबसला क्लचचं पेडलच नसतं. तिथे तीच उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमधल्या (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातल्या) ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलचा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून भरवसा ठेवायचा तो फक्त तापमानाच्या काट्यावर. आणि काटा चढला म्हणजे गिअरबॉक्स गेला, असं लगेच समजायचं नाही. बहुतेक वेळा दोष ऑइलच्या पातळीत नाहीतर ते थंड करणाऱ्या कूलरच्या वाटेवर सापडतो.

आधी गाडी कोणती ते बघा. जुन्या बसमध्ये ॲलिसन कंपनीचा चार गिअरचा एटी ५४५ असतो, त्यानंतरच्या बऱ्याच बसमध्ये ॲलिसनची २००० सिरीज. फरक मोठा आहे. एटी ५४५ मध्ये लॉकअप (कन्व्हर्टरची घसरण थांबवून इंजिन थेट जोडणारा क्लच) नाही, म्हणजे सपाट रस्त्यावर एका वेगाने जातानाही कन्व्हर्टर थोडा घसरतच राहतो आणि ती घसरण उष्णता होऊन ऑइलमध्ये साठते. कोलोरॅडोत डेन्व्हरहून डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढणाऱ्या रस्त्यावर ही बस टॉप गिअरमध्ये रेटत नेली तर काटा चढणारच. तो बिघाड नव्हे, चालवण्यातली चूक आहे. चढ लागण्याआधीच हाताने खालचा गिअर घ्या. इंजिनाचे आरपीएम वाढतात, कन्व्हर्टरवरचा भार उतरतो. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर बस धरून ठेवणारे ड्रायव्हरही असतात. मिनिटभराच्या त्या आरामात ऑइल उकळायला लागतं.

आकडे लक्षात ठेवा. संपमधलं (गिअरबॉक्सच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल साधारण ७१ ते ९३ अंश सेल्सिअस (१६० ते २०० फॅरनहाइट) असावं. संपची कमाल मर्यादा १२१ अंश, कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या ऑइलची १४९ अंश. सेन्सर यातल्या कुठल्या जागी बसवलाय हे ठाऊक नसेल तर काट्याच्या आकड्याला अर्थ नाही.

रस्त्यात काटा लाल पट्ट्यात गेला तर बस सुरक्षित जागी उभी करा, पार्किंग ब्रेक लावा, न्यूट्रलमध्ये टाका आणि इंजिन १,२०० ते १,५०० आरपीएमवर चालू ठेवा. लगेच बंद करू नका. इंजिन थांबलं की पंप थांबतो आणि गरम ऑइल जागच्या जागी बसतं. दोन-तीन मिनिटांत तापमान उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर मात्र इंजिन बंद करा आणि मुलांसाठी दुसरी बस मागवा. इंजिनाच्या पाण्याचाही काटा वर असेल तर दोष आधी रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅटमध्ये शोधा. ऑइल कूलर बहुधा रेडिएटरच्या खालच्या टाकीत असतो. पाणीच तापलेलं असेल तर ते ऑइल काय थंड करणार?

आता डिपस्टिक. बस सपाट जागी, ऑइल गरम, इंजिन आयडलवर. ब्रेक दाबून सगळ्या गिअरमधून एकदा फिरवून न्यूट्रलला आणा, मगच मोजा. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त भरलं तरी तसंच होतं, हे मात्र विसरलं जातं: फिरणारे भाग ऑइल घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला उष्णता वाहून नेता येत नाही. ऑइलचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका. काळपट आणि जळका वास असेल तर गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचप्लेट घासल्या आहेत. दुधाळ गुलाबी असेल तर कूलर आतून फुटून कूलंट शिरलंय. अशा वेळी नुसतं ऑइल बदलून भागत नाही, कारण ग्लायकॉल क्लचप्लेटचं अस्तर सोडवतं.

पातळी ठीक असेल तर कूलरचे दोन्ही पाइप मोजा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर कमी तापमान दाखवतो, म्हणून दोन्ही पाइपांवर काळ्या टेपचा एकेक तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. बस चांगली वीस मिनिटं चालवून आल्यावर हे करायचं. आत-बाहेर जेमतेम फरक असेल तर कूलर उष्णता काढतच नाही: जाळीत धूळ आणि पानं अडकलीत, पंखा फिरत नाही किंवा पाणीच गरम आहे. उलट फरक खूपच मोठा असेल तर ऑइल फार हळू वाहतंय. दबलेला पाइप, आतून फुगलेली रबरी नळी किंवा चोंदलेला कूलर शोधा. हे टाळू नका. कूलरमधून परतणारं ऑइलच पुढे वंगणाला जातं, त्यामुळे वाट तुंबली की बुश आणि बेअरिंगही कोरडे पडतात.

इथवर काही सापडलं नाही तरच स्टॉल टेस्ट, म्हणजे बस ब्रेकवर रोखून इंजिनाचा आरपीएम किती चढतो ते बघणं. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, पार्किंग ब्रेक, पायाचा ब्रेक पूर्ण दाबलेला, बसच्या पुढे-मागे कोणी नाही. ड्राइव्हमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्या, आरपीएम स्थिरावला की वाचा आणि सोडा. ३० सेकंदांच्या पुढे कधीच नाही. त्या इंजिन-कन्व्हर्टरच्या जोडीसाठी दिलेल्या आकड्यापेक्षा १५० हून जास्त आला तर क्लच घसरतोय किंवा ऑइलमध्ये हवा आहे. १५० हून कमी आला तर इंजिनच अशक्त. तिसऱ्या हिश्शाने कमी आला तर स्टेटर (कन्व्हर्टरमधला ऑइलचा प्रवाह वळवणारा भाग) मोकळा फिरत असण्याची शक्यता. आकडा बरोबर, पण नंतर न्यूट्रलमध्ये दोन मिनिटांत ऑइल निवत नसेल, तर स्टेटर जाम झालाय. कन्व्हर्टर काढावाच लागेल.

२००० सिरीजमध्ये आणखी एक गोष्ट बघा. सपाट रस्त्यावर एका वेगात असताना पेडल किंचित दाबा. वेग न वाढता आरपीएम उसळला तर लॉकअप लागत नाही. या गिअरबॉक्सचा फिल्टर बाहेरून फिरवून बसवायचा असतो, आणि त्याच्या वरच्या बाजूला एक गोल चुंबक असतो. जुन्या फिल्टरबरोबर तो कचऱ्यात जातो, हे फार वेळा होतं. पुसून परत बसवा. गॅस्केट टेकल्यावर हाताने पूर्ण एक वेढा, बस.

गिअरबॉक्स जळून बदलला असेल तर जुना कूलर तसाच ठेवू नका. आतला चुरा धुऊन पूर्ण निघत नाही, तो नव्या गिअरबॉक्समध्ये जातो. आणि बंद पडलेली बस ओढून नेताना मागची चाकं उचला नाहीतर प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडा, कारण इंजिन बंद असताना आत वंगण पोचत नाही.