थकलेले हप्ते आणि दवाखान्याचं बिल

पीक गेलं त्या वर्षी आमच्या आरोग्य विम्याचे हप्ते थकले. आईला अचानक दाखल करावं लागलं, तेव्हा ‘विमा बंद आहे’ म्हणत पूर्ण बिल हातात ठेवलं. पोटात गोळाच आला.

आधी बिलाचा बाबवार तपशील लेखी मागितला. एकच रक्ततपासणी एकाच तारखेला दोनदा लावलेली. ती वजा झाली. खरी गोम विमा कार्यालयात सापडली: आमच्या विम्याचा हप्ता उत्पन्नावर ठरायचा, आणि तो जुन्या, चांगल्या वर्षाच्या उत्पन्नावर धरलेला होता. नापिकीचा दाखला जोडून फेरआकारणीचा अर्ज दिला, पोच घेतली. हप्ता उतरला, थकबाकी थोडी थोडी भरायची मुभा मिळाली, विमा अर्जाच्या तारखेपासून धरला गेला. दवाखान्याने त्या तारखेपासूनचं बिल नव्याने काढलं. पोचेवरचा तो निळा शिक्का नसता, तर तारीख सिद्धच करता आली नसती.