‘सगळं धरून’ भाड्याचं घर घेताना

पुण्यात भाड्याने घर शोधायला निघालात की एजंट सांगतो, “बावीस हजार, सगळं धरून.” लाइट बिल, पाणी, मेंटेनन्स, कशाचीच कटकट नाही, असं वाटून आपण हो म्हणतो. मीही म्हटलं होतं. मे महिन्यात एसीचं बिल आलं आणि घरमालक म्हणाले, “लाइट बिल म्हणजे दिवे, पंखे, फ्रिज. एसी कुठे ठरला होता?” करारात त्याबद्दल एक ओळही नव्हती, त्यामुळे मला गप्प बसावं लागलं.

म्हणून घर पाहायला जातानाच वही न्या आणि एकेक बाब सुटी विचारा: वीज, पाणी, मेंटेनन्स, गॅस, वायफाय, पार्किंग. पाण्याबद्दल खोदून विचारा. वाघोलीसारख्या भागात उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात आणि सोसायटी तो खर्च सभासदांत वाटते. तो वाटा कुणाचा, हे आधीच ठरवा. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जो बिनभोगवटा आकार लावते, तो मालकाचा. सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त तो घेता येत नाही, त्यामुळे त्यापायी तुमचं भाडं वाढवायचं फारसं कारण उरत नाही.

खरी मेख विजेत आहे. मालकाकडून एखादं जुनं बिल मागून घ्या. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो, त्यात एप्रिल-मेचे आकडे बघा. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर आठ-दहा युनिट सहज जातात, म्हणजे महिन्याला अडीचशे-तीनशे. मग विचारा, मीटर स्वतंत्र आहे की सबमीटर, म्हणजे एकाच मुख्य मीटरमागे प्रत्येक खोलीला लावलेलं पोटमीटर? हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा. एका मीटरवर चार खोल्या असतील आणि प्रत्येकीचा वापर ९० युनिट असेल, तर स्वतंत्र मीटरवर चौघेही सर्वांत स्वस्त टप्प्यात राहिले असते. एकत्र मोजल्यावर ३६० युनिट होतात आणि थेट तिसरा टप्पा गाठला जातो. अशा घरात विजेचे पैसे युनिटमागे घेत असतील, तर दर कोणता लावणार हे लिहून घ्या.

आता हिशेब मांडा. समजा, त्याच इमारतीत बिलं वेगळी भरायची असलेला फ्लॅट १८,००० ला मिळतोय. वर वीज १,०००, मेंटेनन्स २,०००, वायफाय ७००. झाले २१,७००. मग बावीस हजार वाजवी आहेत. पण तुम्ही महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर असाल, तर न वापरलेल्या विजेचे पैसे तुम्ही भरताय.

करारात मला सगळ्यांत न्याय्य वाटतं ते असं वाक्य: “दरमहा १५० युनिटपर्यंतची वीज भाड्यात समाविष्ट, त्यापुढील युनिटचे पैसे भाडेकरू प्रत्यक्ष बिलाच्या दराने देईल.” मालकाला धास्ती राहत नाही, तुम्हालाही. करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे या भाडेकराराची, नोंदणी सक्तीची आहे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. “नोटरी पुरे” असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं, त्यात अनामत रकमेवरचं १० टक्क्यांनी धरलेलं व्याजही मिळवतात. बावीस हजार भाडं आणि साठ हजार डिपॉझिट असेल तर साधारण सव्वासहाशे रुपये, शिवाय शहरात १,००० नोंदणी फी. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर हे घरबसल्या होतं.

चावी हातात येईल त्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. वीज ग्राहक क्रमांकही मागून घ्या. बिल मालकाने भरायचं असलं तरी ते थकलं तर अंधारात तुम्हीच बसाल. तो क्रमांक हाताशी असला की बिल भरलं गेलं की नाही, ते महावितरणच्या अ‍ॅपवर दर महिन्याला तुमचं तुम्हाला बघता येतं.