दहा मिनिटांचा म्यूट कायमचा का होतो? टेलिग्राम बॉटची कमांड अशी तपासा

छाटणीचा हंगाम आला की नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांच्या ग्रुपवर औषधांच्या जाहिराती सुरू होतात. ॲडमिन '/mute बाळू आप्पा १०' लिहितो. बॉट एकतर ढिम्म हलत नाही, नाहीतर आप्पांचं तोंड कायमचं बंद करतो. बॉट 'पायथन-टेलिग्राम-बॉट' लायब्ररीवर चालत असेल, तर दोष असा शोधा.

लॉजिकला लगेच हात लावू नका. कमांडच्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत आर्ग्युमेंटची, म्हणजे कमांडपुढे लिहिलेल्या शब्दांची, यादी जशी आली तशी प्रिंट करा. लायब्ररी मेसेज स्पेसवर तोडते, त्यामुळे इथे 'बाळू', 'आप्पा', '१०' असे तीन तुकडे दिसतील. कोड मिनिटं दुसऱ्या तुकड्यात शोधत असेल, तर त्याच्या हाती आप्पा लागतात, त्यांचा आकडा होत नाही आणि व्हॅल्यू-एरर येतो.

नावावरून माणूस शोधायचा हट्ट मुळात सोडाच. साध्या युजरनेमवरून सभासदाचा आयडी काढायची सोय बॉट एपीआयमध्ये, म्हणजे टेलिग्रामने बॉटला दिलेल्या आज्ञांमध्ये, नाही. ॲडमिनने जाहिरातीच्या मेसेजला रिप्लाय देऊन '/mute १० जाहिरात' लिहावं आणि आयडी मूळ मेसेजमधून घ्यावा. मग पहिला तुकडा मिनिटांचा, उरलेले जोडून कारण. मराठी आकड्यांची चिंता नको, पायथनचं 'इंट' '१०'चे बरोबर दहा करतं. '१०मि' मात्र त्याला चालत नाही.

आता खरी मेख. म्यूट संपण्याची वेळ ३० सेकंदांच्या आत किंवा ३६६ दिवसांच्या पुढे असेल, तर टेलिग्राम तो कायमचा धरतं. कोडने १० मिनिटांऐवजी १० सेकंद मिळवले की आप्पा गेलेच! एररही येत नाही, म्हणून हा दोष लवकर सापडत नाही. ती वेळही प्रिंट करून पाहा.

म्यूट पावणेसहा तासांच्या आसपास टिकत असेल, तर घोळ टाइमझोनचा. टाइमझोन न दिलेली वेळ लायब्ररी एरवी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजते. नाशिकच्या लॅपटॉपवरची स्थानिक वेळ तशीच पाठवली, तर साडेपाच तास वाढतात. वेळ यूटीसीमध्येच तयार करा.

शेवटी दुसऱ्या खात्यावरून चाचणी घ्या: रिप्लायशिवाय, आकड्याशिवाय, '०', '-५', '१०मि'. प्रत्येक वेळी बॉटने कमांड कशी लिहायची ते सांगायला हवं. ॲडमिनच्या मेसेजलाही रिप्लाय देऊन बघा. तिथे टेलिग्राम नकार देतं, आणि तो नकार ग्रुपवर दिसला पाहिजे.