घाऊक मेल स्पॅममध्ये जातात? आधी डोमेनची ओळख पटवून द्या

हापूसचं बुकिंग सुरू झाल्याचा मेल जुन्या गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये पडून राहिला, तर हंगाम त्याच्यासाठी थांबत नाही. अशा वेळी बहुतेक जण मजकूर बदलत बसतात. तपासायच्या असतात त्या डोमेनच्या, म्हणजे मेलपत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या, नोंदी. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क हे पाठवणाऱ्याची ओळख पटवणारे तिन्ही उपाय सक्तीचे आहेत. याहूनेही तेव्हाच असे नियम आणले, आउटलुकने मे २०२५ पासून. तुमचा आकडा लहान असला तरी तिन्ही करून घ्याच.

१. सुरुवात कागद-पेनाने करा. तुमच्या डोमेनच्या नावाने मेल कोण कोण पाठवतं? ऑफिसची मेलसेवा, न्यूजलेटरची सेवा, बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर, वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म. हिशेब बघणाऱ्यालाही विचारा, कारण बिलांचं सॉफ्टवेअरच हमखास विसरलं जातं. ही यादी अर्धवट राहिली, तर पुढे तुमचेच मेल तुम्ही अडवाल.

२. एसपीएफ म्हणजे तुमच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, हे सांगणारी डीएनएसमधली (डोमेनच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीतली) टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची, नोंद. एका डोमेनला ती एकच असते. नवी सेवा घेतली की लोक दुसरी एसपीएफ नोंद टाकतात आणि मग तपासणीच फसते. नवी सेवा जुन्या नोंदीतच जोडा. ही नोंद तपासताना जास्तीत जास्त १० डीएनएस लुकअप (डीएनएसमध्ये केलेल्या विचारणा) चालतात, म्हणून वापरात नसलेल्या सेवा काढून टाका.

३. डीकिम ही प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. यादीतल्या प्रत्येक सेवेच्या सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा आणि ती सेवा देईल ती नोंद डीएनएसमध्ये घाला. सहीची ‘की’ (किल्ली) २०४८ बिटची निवडा. मेल पुढे फॉरवर्ड झाला की एसपीएफ बहुधा तुटतो. मजकुराला कोणी हात लावला नाही तर डीकिमची सही टिकते.

४. मग डीमार्क. ‘फ्रॉम’मध्ये दिसणारं डोमेन एसपीएफ किंवा डीकिमने पटलेल्या डोमेनशी जुळतं का, हे तो पाहतो. इथे घाई नको. न जुळणाऱ्या मेलचं काय करायचं, हे डीमार्कचं धोरण सांगतं. आधी ते ‘नन’ (काहीच करू नका) ठेवा आणि मेलसेवांकडून अहवाल येण्यासाठी एक वेगळा पत्ता द्या. दरम्यान स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवून ‘शो ओरिजिनल’ उघडा. तिन्हींपुढे ‘पास’ दिसायला हवं. काही आठवडे अहवाल वाचा. यादीतून सुटलेली सेवा तिथे सापडतेच.

५. ओळख पटली तरी नकोसा मेल नकोसाच असतो. जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढण्याची सोय द्या आणि दोन दिवसांत नाव खरोखर काढा. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण दिसतं. ते ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा, ०.३ टक्के, म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारी, इथवर जाऊच देऊ नका. विकत घेतलेली पत्त्यांची यादी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तिथल्या माणसांनी तुमचं नावही ऐकलेलं नसतं, ती स्पॅमचंच बटण दाबणार.

६. अहवालांत तुमच्या सगळ्या सेवा पास होताना दिसल्या की डीमार्कचं धोरण ‘क्वारंटाइन’वर (संशयित मेल स्पॅममध्ये टाका) न्या, आणि काही आठवड्यांनी ‘रिजेक्ट’वर (घेऊच नका). त्यानंतर तुमच्या नावाने खोटं बिल पाठवणाऱ्याचा मेल, डीमार्क पाळणाऱ्या मेलसेवा दारातूनच परत पाठवतील.