दमट कोकणात संग्रह वाढतोय, घर तेवढंच आहे: जागा कशी लावावी

रत्नागिरीतला वन-बीएचके असो की गुहागरकडचं चिऱ्याचं घर, नाण्यांचा, टपाल तिकिटांचा किंवा खेळण्यांचा संग्रह वाढला की पहिला विचार येतो तो नव्या कपाटाचा. तो जरा बाजूला ठेवा. किनाऱ्यावरच्या घरात रिकामी दिसणारी प्रत्येक जागा वापरायची नसते. माळा रिकामा असतो, कारण तिथे काही टिकत नाही. पश्चिमेच्या भिंतीतला कोनाडा रिकामा असतो, कारण जूनपासून त्याला ओल धरते. म्हणून इथे हिशेब चौरस फुटांचा नाही, कोरड्या जागेचा करायचा. ती आधी शोधायची, मग संग्रह तिच्यात बसेल असा आवळायचा. खरेदी सगळ्यात शेवटी.

१. घरातला कोरडा कोपरा शोधा

हवेतली आर्द्रता मोजणारा एक साधा डिजिटल हायग्रोमीटर घ्या. स्वस्तातला चालतो, पण आधी तो तपासून घ्यायचा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि ते भिजून लगदा होईल एवढंच, थेंब थेंब पाणी घाला. मीठ विरघळता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर घट्ट झाकणाच्या डब्यात दहा-बारा तास ठेवा. या डब्यात आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. तुमचं यंत्र ७१ दाखवत असेल, तर पुढे प्रत्येक आकड्यात ४ मिळवायचे.

मग ते घरात चार-पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी तीन-चार दिवस ठेवून आकडे लिहा. हे पावसाळ्यात करावं, कारण जानेवारीत सगळंच घर बरं वाटतं. ६५-७० टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकून राहिली की कागद, कापड, लाकूड यांवर बुरशी धरू लागते. जुलैत किनाऱ्यावरच्या कुठल्याच उघड्या खोलीत आकडा याच्या खाली येत नाही. त्यामुळे बक्षीस पूर्ण कोरड्या जागेला नाही, त्यातल्या त्यात कमी ओल्या जागेला मिळतं.

बहुतेक घरांत ती जागा म्हणजे दोन खोल्यांमधली आतली भिंत. जुन्या घरात माजघराची, फ्लॅटमध्ये हॉल आणि बेडरूममधली. नैर्ऋत्येकडून झोडपणाऱ्या पावसाच्या बाजूची भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि स्वयंपाकघर ही तिन्ही बाद.

माळ्याचा मोह सगळ्यांना होतो. पण कौलांखाली एप्रिल-मेमध्ये प्रचंड उष्मा असतो, त्यात उंदीर, आणि एक कौल सरकलं की सरळ पाणी. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागात घरांची छपरंच गेली. माळ्यावर पितळी भांडी ठेवा. तिकिटं, काड्यापेटीची लेबलं, खेळायचे पत्ते ठेवू नका.

उलट चिपळूण, खेड, महाड, राजापूर या नदीकाठच्या गावांत धोका खालून येतो. जुलै २०२१च्या पुराची खूण ज्या भिंतीवर अजून दिसते, तिथे संग्रहाची सगळ्यात खालची फळी त्या खुणेच्या वर हवी. हे शक्य नसेल तर मौल्यवान भाग एकाच उचलता येण्याजोग्या पेटीत ठेवावा, म्हणजे रात्री पाणी चढलं तर एका माणसाला एका फेरीत तो वरच्या मजल्यावर नेता येईल. पुराचा धोका नसला तरी जमिनीपासून फूटभर उंची सोडाच. ओल फरशीतून वर येते आणि वाळवीही.

२. मोजणी करा आणि हद्द ठरवा

संग्रह सगळा बाहेर काढा, प्रकारानुसार मांडा आणि मोजा. हे काम कंटाळवाणं आहे, पण जागेचे निम्मे प्रश्न इथेच सुटतात, कारण जागा बहुधा वस्तूंनी कमी आणि वेष्टनांनी जास्त खाल्लेली असते.

खेळण्यातल्या १:६४ मापाच्या मोटारींचंच बघा. पुठ्ठ्यावरच्या फुगीर प्लास्टिकसकट एक गाडी साधारण १६ × १० × ४ सेंटीमीटर जागा घेते. सुटी गाडी जेमतेम ७.५ × ३ × ३ सेंटीमीटर. म्हणजे एका पॅकिंगच्या जागेत सहा गाड्या. पुढे विकायच्या असतील तेवढ्या दहा-पंधरा पॅकमध्ये ठेवा, बाकीच्या सोडवा. पॅकिंग जपण्याचा हट्ट मुंबईच्या एसी खोलीत परवडतो. इथे तो पुठ्ठा दोन पावसाळ्यांत तसाही वाकतो.

नाण्यांचा हिशेब सोपा आहे. दोन इंची चौकोनी होल्डरमध्ये घातलेली साधारण १०० नाणी नऊ इंच लांबीच्या एका अरुंद खोक्यात उभी राहतात. ३० इंच रुंद आणि १२ इंच खोल फळीवर अशी बारा खोकी बसतात, म्हणजे १,२०० नाणी. तीच नाणी अल्बममध्ये घातली तर पानाला २० आणि दहा पानांच्या अल्बमला २०० धरून सहा जाडजूड अल्बम होतात, आणि वजनाने त्यांची पानं फाटतात. पाहुण्यांना दाखवायची शंभर-दीडशे नाणी अल्बममध्ये, उरलेली खोक्यांत.

आता हद्द. एक आतली भिंत, त्यावर एक मांडणी, तिचे पाच खण, असं काहीतरी ठरवा आणि घरातल्यांना सांगून टाका. सांगितल्याने दोन गोष्टी होतात: तुम्ही हद्दीबाहेर जात नाही आणि गणपतीत मुंबईहून पाव्हणे आले की तुमची खोकी कोणी उचलून पडवीत ठेवत नाही. पाचवा खण भरला की पुढच्या खरेदीआधी डुप्लिकेट बाहेर काढायचे. विषयही आवळता येतो. ‘सगळी जुनी नाणी’ याला अंत नाही. ‘शिवराईचे प्रकार’ किंवा ‘१९५७नंतरचे नवे पैसे’ याला आहे.

३. मांडणी

चिऱ्याच्या भिंतीवर फळ्या टांगायच्या असतील तर नेहमीचा दीड इंची प्लग वापरू नका. जांभा दगड सच्छिद्र आणि ठिसूळ, नाण्यांच्या वजनाला तो प्लग हळूहळू सुटतो. भार जमिनीवर घेणारी मांडणी करावी आणि भिंतीला फक्त वर दोन ठिकाणी आधार द्यावा. भिंत आणि मांडणीची पाठ यांत तीन इंच अंतर हवं. हे अंतर वाया गेल्यासारखं वाटतं, पण कपाट भिंतीला चिकटलं की मागे हवा फिरत नाही आणि पहिली बुरशी नेमकी तिथेच येते.

प्लायवूड घेताना आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय मागा. कडा उघड्या सोडू नका, पाणी तिथूनच शिरतं. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, साधे स्क्रू खाऱ्या हवेत फळीत गंजून अडकतात. लोखंडी कपाट आधीच असेल तर तेही चालतं. फक्त पायांखाली लाकडी ठोकळे द्या आणि रंग उडालेल्या जागी लगेच रंग लावा.

फळ्यांमधलं अंतर वस्तूच्या उंचीवरून ठरवा. बाजारच्या मांडणीत ते १२-१४ इंच असतं आणि वरची अर्धी जागा हवाच खाते. नाण्यांच्या खोक्यांना चार इंच पुरतात, तिकिटं लावायच्या वह्यांना म्हणजे स्टॉकबुकांना तेरा. सरकत्या फळीची छिद्रं दर दोन इंचांवर पाडून घ्या. एवढ्यानेच त्याच मांडणीत दोन खण जास्त निघतात.

४. डब्यांतला पावसाळा

इथे चूक सगळ्यात जास्त होते. माणसं जूनअखेर जागी होतात, घट्ट झाकणाचा डबा आणतात, तिकिटं आत टाकतात, सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवतात आणि निश्चिंत होतात. सप्टेंबरात डबा उघडला की कुबट वास. कारण डब्यातल्या हवेत पाणी फार थोडं असतं. २० लिटर हवेत, ती पूर्ण दमट असली तरी, एक ग्रॅमसुद्धा नाही. खरं पाणी कागदात आणि पुठ्ठ्यात मुरलेलं असतं. पाच किलो कागद जुलैत बंद केला तर कोरड्या दिवसांपेक्षा शे-दीडशे ग्रॅम जास्त पाणी आपणच आत कोंडतो. तेवढं शोषायला सहा-सातशे ग्रॅम जेल लागेल, पुड्यांचं ते काम नाही.

म्हणून डबे डिसेंबर ते फेब्रुवारीत भरायचे. कोरडा दिवस बघून, दुपारी, अल्बम आणि पुठ्ठे सावलीत पंख्याखाली दोन-तीन दिवस उघडे ठेवून मगच झाकण लावायचं. उन्हात ठेवू नका. रंग उडतो आणि कागद वाकतो. डबा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा, झाकणाला रबरी पट्टी आणि चारही बाजूंना क्लिप असलेला घ्या. २० लिटरच्या डब्याला १५० ग्रॅम जेल सुती पिशवीत घालून द्या आणि हायग्रोमीटर आत ठेवा. ४५ ते ५५ टक्के आकडा उत्तम, ६० झाला की जेल बदला.

जेल भागलं की नाही हे रंगावरून कळतं, पण वजन जास्त खरं बोलतं. कोरडी पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून आकडा तिच्यावरच लिहा. १५० ग्रॅमचे १८० झाले की ते वाळवायची वेळ झाली. जेल पिशवीतून काढून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवा. ओव्हन नसेल तर जाड कढईत मंद आचेवर, वजन मूळ आकड्यावर येईपर्यंत हलवत राहा; पण ती कढई पुन्हा स्वयंपाकाला नको. निळं जेल घेऊ नका, त्यातला कोबाल्ट विषारी असतो. नारिंगी घ्या. १२५ अंशांच्या पुढे मात्र त्याचा रंग कायमचा जातो.

तांदळाच्या पुरचुंड्यांनी काही होत नाही, झाले तर टोके होतात. कपाटात टांगायच्या, पाणी गोळा करणाऱ्या पिशव्या हवा खरंच सुकवतात, पण त्यात साठतं ते खारट पाणी. पिशवी फुटली तर खालच्या नाण्यांचं काय होईल ते सांगायला नको. कॅमेऱ्यासाठी मिळणारं विजेवरचं कोरडं कपाट चांगलं, पण ऐन पावसात दोन-दोन दिवस वीज जाते तिथे आत जेलची पिशवीही ठेवा.

५. कोणती वस्तू कशात

नाणी: मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत नकोत. त्यातलं रसायन दमट हवेत सुटतं आणि नाण्यावर हिरवट चिकटा येतो. पॉलिएस्टरची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे होल्डर घ्या. पिना मारायच्या असतील तर स्टेनलेसच्या, नाहीतर चिकटणारे होल्डर. तांब्याच्या नाण्याला खाऱ्या हवेतला क्लोराइड लागला की फिकट हिरवी भुकटी येते आणि ती आतून पोखरत जाते. असं नाणं लगेच वेगळं काढून जेलच्या छोट्या डबीत एकटं ठेवा. अॅल्युमिनियमच्या १, २, ३ पैशांवर पांढरे खड्डे पडतात. चिंच, लिंबू, राख लावून काहीही घासू नका. नाणं चकाकतं आणि त्याची किंमत जाते.

तिकिटं: स्टॉकबुकं उभी ठेवा. आडवी रचली की वजन आणि ओल मिळून मागचा डिंक पानाला चिकटतो. हात नको, चिमटा वापरा. काड्यापेटीची लेबलं ए-फोर मापाच्या पॉलिप्रॉपिलीन पाकिटांत घाला, एका फाइलमध्ये शेकडो मावतात. लॅमिनेशन अजिबात करू नका.

सावंतवाडीची लाकडी खेळणी: वर्तमानपत्रात गुंडाळली की दमट दिवसांत शाई रंगावर उमटते, प्लास्टिकमध्ये गुंडाळली तर रंगच चिकटतो. धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड वापरा. खळीला कसर लागते. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते; ती आडवी ठेवा, पानांमध्ये बटर पेपरचे गोल तुकडे घाला. दशावतारी गंजिफात १० रंगांची प्रत्येकी १२, एकूण १२० पानं असतात. तुकडे कापायला बसण्यापूर्वी पानं मोजून घ्या.

शंख-शिंपले: किनाऱ्यावर राहून हे नसतील असं घर विरळा. गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून, पाणी बदलत मीठ काढा आणि पूर्ण वाळवा. मग प्लायच्या बंद शोकेसमध्ये ठेवू नका. लाकूड आणि पुठ्ठ्यातून सुटणारं आम्ल ओलाव्यात शंखाच्या चुन्यावर काम करतं आणि वर पांढरी पूड धरते. ती बुरशी नाही, पुसून थांबत नाही. काचेच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या बरण्या वापरा. प्रवाळ, समुद्रपंखे आणि काही मोठे शंख १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. ते संग्रहात घेऊच नका.

डांबराच्या गोळ्या कुठल्याच डब्यात नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं.

६. नोंद आणि थोडं प्रदर्शन

प्रत्येक डब्याला नंबर, प्रत्येक डब्याची यादी वहीत, आणि आतल्या वस्तूंचे फोटो फोनमध्ये. होल्डरवर लिहायचं ते पेन्सिलने. यादी असली की जुलैत डबा उघडावा लागत नाही, आणि तेच नाणं दुसऱ्यांदा विकतही घेतलं जात नाही.

बाहेर मांडायचा तो दहावा हिस्सा. आतल्या भिंतीवर दोन इंच खोलीच्या काचेच्या चौकटी लावा, फरशीवरची जागा लागत नाही. गणपतीपूर्वी रंगकाम निघालं तर त्या काढून ठेवा आणि ओला रंग पूर्ण सुकल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी लावा. फेब्रुवारीअखेर चौकटीतल्या कागदी वस्तू डब्यांत जातात, दिवाळीनंतर दुसऱ्या बाहेर येतात.

७. पावसाळ्यानंतरची तपासणी

ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी एकेक डबा उघडा. बुरशी दिसली तर तो डबा घरात झटकू नका. वस्तू पिशवीत बंद करून अंगणात न्या, मास्क लावा, सावलीत वाळू द्या आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच मऊ ब्रशने बुरशी वाऱ्याच्या दिशेने झाडा. ओली असताना पुसली की ती कागदात आत घुसते. रिकामा डबा साबणाने धुवून दोन दिवस उन्हात ठेवा, झाकणाची रबरी पट्टी बोटाने दाबून बघा. ती कडक झाली असेल तर डबा बदला. त्यात खेळण्यांचे सुटे भाग ठेवता येतील, तिकिटं नाहीत.