गेम आणि स्लॅमची बोली: या चुका टाळा

मेंढीकोट खेळत मोठा झालेला नागपूरकर ब्रिजकडे वळतो, तेव्हा हुकूम काढणे आणि हात मोजणे त्याला लवकर जमते. अडते ते बोलीपाशी, कारण मेंढीकोटात बोलीच नसते. धरमपेठेत काय किंवा सिव्हिल लाइन्समध्ये काय, आठवड्याच्या डावात गुण जातात ते बहुधा पहिले पान पडण्याआधीच.

पहिली चूक म्हणजे गेमला, म्हणजे मोठा बोनस देणाऱ्या बोलीला, घाबरणे. दोघांच्या पानांचे मिळून 25 गुण (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1) आणि मेजर रंगात, म्हणजे इस्पिक किंवा बदामात, आठ पाने असतील, तर चारची, म्हणजे दहा हातांची, बोली करावीच. संघांच्या सामन्यात व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही वाढलेले) असताना चार इस्पिक बोलून दहा हात झाले, तर तीनवर थांबलेल्या टेबलापेक्षा 450 गुण अधिक मिळतात. एक हात कमी पडला, तर नुकसान 240 गुणांचे होते. आयएमपीमध्ये, म्हणजे दोन टेबलांच्या फरकावरून संघाला मिळणाऱ्या गुणांत, हे 10 विरुद्ध 6 होते, म्हणजे यशाची शक्यता 38 टक्के असली तरी गेम बोलणे फायद्याचे ठरते. स्लॅमला, म्हणजे बारा हातांच्या सहाच्या बोलीला, मात्र हे गणित लागू नाही. तेथे मिळकत आणि नुकसान दोन्ही 750, त्यामुळे निम्म्याहून कमी शक्यतेवर सहाची बोली करू नये.

किल्वर किंवा चौकट जुळली म्हणून थेट पाचवर जाणे ही दुसरी चूक. अकरा हातांपेक्षा नऊ सोपे असतात, म्हणून आधी तीन नोट्रम्पचा (हुकमाविना नऊ हातांचा) विचार करावा.

सर्वांत महाग पडते ती अवेळी विचारलेली ब्लॅकवुड, म्हणजे चार नोट्रम्प बोलून जोडीदाराकडे किती एक्के आहेत हे विचारणे. समजा, तुमच्याकडे इस्पिकचे एक्का, राजा, राणी धरून सहा पाने, बदामाचे एकच लहान पान, चौकटीची सत्ती व दुर्री आणि किल्वरचे एक्का, राजा, राणी, गुलाम आहेत. तुम्ही एक इस्पिक बोललात, जोडीदाराने तीन इस्पिक केले. 19 गुण पाहून मोह होतो आणि चार नोट्रम्प विचारले जाते. उत्तर येते पाच चौकट, म्हणजे एक एक्का. पण कोणता? तो चौकटीचा असेल, तर बहुधा सहा इस्पिक होतात, आणि बदामाचा असेल, तर प्रतिस्पर्धी चौकटीचे एक्का-राजा पहिल्या दोन हातांतच घेऊन मोकळे होऊ शकतात. ब्लॅकवुड एक्क्यांची संख्या सांगते, त्यांची जागा सांगत नाही. म्हणून न बोललेल्या रंगात दोन लहान पाने असताना, किंवा एखादा रंग मुळीच नसताना, क्यू-बिड करावी, म्हणजे ज्या रंगाचा पहिला किंवा दुसरा हात आपल्याला घेता येतो (त्यावर ताबा आहे), तो रंग बोलावा. येथे चार किल्वर म्हणावे. जोडीदार चार चौकट म्हणाला, तर त्या रंगात त्याचा ताबा आहे आणि पुढे जाण्यात अर्थ आहे. तो चौकट वगळून चार बदाम म्हणाला, तर मुकाट्याने चार इस्पिकवर थांबावे.

गुण मोजताना राण्या आणि गुलामांवर फार विसंबू नये. जोडीदाराच्या एकट्या पानासमोर तुमचे राजा-राणी असतील, तर त्या पाच गुणांचे मोल बरेच घटते, आणि त्याच रंगात तुमची तीन लहान पाने असतील, तर तोच डाव कमी गुणांतही स्लॅमच्या जवळ जातो. 33 गुणांची अट मुख्यतः समतोल पानांसाठी आहे.

जोडीदाराच्या एक नोट्रम्पवर थेट चार नोट्रम्प ही ब्लॅकवुड नसून सहासाठीचे निमंत्रण आहे. ते एक्क्यांचा प्रश्न समजून उत्तर देणाऱ्या जोड्या आजही दिसतात, म्हणून टेबलावर बसण्यापूर्वी एवढी एक गोष्ट तरी जोडीदाराशी बोलून घ्यावी.